वायर चांगली होती

कारखानीस नावाच्या पुण्याच्या इंजिनियरने नाशिकच्या एका सहकारी बँकेला फसवलं. त्या बँकेने आपल्याच गायधनी बाईंना फसवलं. या दोन्ही फसवणुकी एकाच कागदावर नोंदवून ठेवल्या आहेत आणि त्या कागदात दोष दाखवलाय माझ्या वायरचा.

बँकेचं आणि कारखानिसांच्या कंपनीचं नाव संपादकांनी खोडलं. "वसंतराव, दिवाळी अंक आहे. लोक चकलीबरोबर वाचतात," म्हणाले. मी तिन्ही नावं छापा म्हणून अडून बसलो, तेव्हा कुठे एक आडनाव पदरात पडलं. तीन मागावीत तेव्हा एक मिळतं, हे मी आईच्या मागे बसून शिकलो. आमची मखमलाबादला झेंडूची आणि शेवंतीची शेती. आई फुलबाजारात पाटी घेऊन बसायची आणि गिऱ्हाईक जवळ यायच्या आधीच त्याच्या चपलांवरून भाव ठरवायची. मी पुढे आयटीआय केलं, गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या तारा ओढल्या आणि नव्वद सालानंतर ऑफिसांत कॉम्प्युटर आले तसा त्यांच्या तारा ओढायला लागलो. पदवी नाही. टायही नाही. माझ्या क्षेत्रात टाय नसला की तुम्ही 'वायरवाले' असता आणि टाय असला की 'नेटवर्क इंजिनियर'. काम तेच. बिलाचा कागद मात्र जाड.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मधल्या एका डब्याला वायरीने जोडलेले असतात. पूर्वी तो डबा म्हणजे हब असायचा. हब म्हणजे एकच बोळ. एका वेळी एकच गाडी जाणार, बाकीच्यांनी थांबायचं. मग स्विच आला. त्यात प्रत्येकाला आपापला रस्ता आणि तोही येण्याचा वेगळा, जाण्याचा वेगळा. वायरीत आठ बारीक रंगीत तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमाने प्लास्टिकच्या टोकात बसवून चिमट्याने दाबायच्या. क्रम चुकला की संपलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी चुकलो, पण तो क्रम चुकलो नाही.

गायधनी बाई बँकेच्या मुख्य कचेरीत संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. पंचवटीतलं घर, सासरे आणि दीर रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे. त्या घरातून रोज स्कूटर काढून नोकरीला जाणारी ही पहिली सून. बँकेची सगळी खाती त्यांनी वह्यांमधून कॉम्प्युटरवर आणली होती, सुट्टीच्या दिवशीसुद्धा बसून. माझी आणि त्यांची पहिली भेट म्हणजे पहिलं भांडण. मी वायरीची पेटी उघडून काम सुरू केलं तर बाई चष्मा कपाळावर ढकलून वायरीवर बारीक छापलेले मीटरचे आकडे वाचायला लागल्या.

"वसंतराव, पेटी तीनशे पाच मीटरची ना?"

"हो बाई."

"मग ही दोनशे नव्वदपासून का सुरू होतेय? पंधरा मीटर कुठे गेली?"

"दुसऱ्या एका कामात लागली. वायर तीच आहे हो, चांगली आहे."

"असेल. मला बंद पेटी आणा."

"बाई, भाजी घेताना देठ मोडून बघतात, तसं चाललंय तुमचं."

"देठ मोडून बघते म्हणूनच घरी कुजकी भाजी येत नाही."

मी चिडून बंद पेटी आणली. मग बाईंनी प्रत्येक टेबलाची वायर माझ्याकडून टेस्टरवर तपासून घेतली. टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागले की वहीत टिक. एकही वायर त्यांनी न बघता सोडली नाही. हे मी एवढं खुलवून का सांगतोय ते पुढे कळेल.

दोन हजार सालच्या आगेमागे बँकेने जुना हब काढून नवा महागडा स्विच घ्यायचं ठरवलं. सरव्यवस्थापक खैरनार साहेबांनी स्वतः पुण्याची कंपनी निवडली. कारखानीस आले. मे महिन्यात टाय. त्यांनी अर्ध्या दिवसात डबा बसवला, लॅपटॉपवरून काहीतरी टंकलं आणि डब्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवून चारच्या बसने निघून गेले.

सोमवारी बँक उघडली आणि बसली. म्हणजे बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरं झालं असतं, दोष लगेच सापडतो. ती रांगायला लागली. काउंटरवरून एखादं नाव विचारलं तर पटकन यायचं, पण खात्याचा उतारा मागितला की पडदा गोठायचा. नाशिक रोडहून खास पासबुक भरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ होते. ते रोज बाईंना ऐकवायचे, "पूर्वी तुम्ही वही उघडून दोन मिनिटांत सांगायचात. आता तुमचं मशीन आधी विचार करतं, मग सांगतं. म्हातारपण आलं की काय त्याला?"

बाईंनी पुण्याला फोन लावला. कारखानीस आले, लॅपटॉप जोडला आणि खैरनार साहेबांना पडदा दाखवला. सर्व्हरची वायर स्विचच्या ज्या भोकात खोचली होती त्याच्यासमोर चुकांचा आकडा धडाधड वाढत होता. सर्व्हर म्हणजे सगळी खाती जिथे राहतात तो मोठा कॉम्प्युटर.

"बघा सर. डेटा तुटून येतोय. केबल खराब आहे."

मी म्हणालो, "टेस्टर लावा. आठही दिवे लागतात."

कारखानीस हसले. "तुमचा टेस्टर दोनशे रुपयांचा. हा स्विच कितीचा माहितीये?"

खैरनार साहेबही हसले. साहेब हसले की आजूबाजूच्या तिघांना हसावंच लागतं. मी सर्व्हरची वायर बदलली. आकडा वाढतच राहिला. पुन्हा बदलली. शेवटी हुकूम सुटला, सगळ्या ऑफिसची वायर काढा आणि नवी टाका, वायरवाल्याच्या खर्चाने. मी आदळआपट केली, चिमटा भिंतीवर फेकला (त्याचा खड्डा त्या भिंतीला बरीच वर्षं होता) आणि मुकाट्याने सगळी वायर नवी टाकली. बँक रांगतच राहिली. आता कारखानीस म्हणायला लागले, या माणसाला टाकताच येत नाही.

एका रविवारी बाईंनी चावी घेऊन मला बोलावलं. "त्यांना समजत नाहीये, वसंतराव. तुम्हालाही समजत नाहीये. पण तुम्ही निदान चिडता तरी. बसा आणि बघा."

मी काळ्या पडद्यावरून सर्व्हरला हाका मारल्या. या धंद्यात दोन कॉम्प्युटर एकमेकांना ऐकू येतात का ते बघायला एक लहानशी हाक मारायची सोय असते. शंभर मारल्या, शंभरांना उत्तर. मग एक मोठी फाइल पाठवली. गोगलगाय. नमस्कार पोचत होता, गाठोडं पोचत नव्हतं.

वायरवर मला संशय नव्हताच. मग आईची युक्ती केली. एक आडत्या भाव देत नसेल तर त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही, पाटी उचलायची आणि शेजारच्याकडे जायचं. सर्व्हरची वायर पहिल्या भोकातून काढली आणि नवव्या रिकाम्या भोकात घातली. चिठ्ठीवर लिहिलं होतं हात लावू नये, म्हणून चिठ्ठीला हात लावला नाही.

तीच फाइल पुन्हा पाठवली. बाईंनी चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत ती पोचली होती.

"काय केलंत?"

"काही नाही. दुकान बदललं."

पुन्हा पहिल्या भोकात घातली, पुन्हा गोगलगाय. वायर तीच, टोकं तीच. मग मी सर्व्हरच्या मागे पालथा पडून त्याच्या कार्डाचे दिवे बघितले. कार्ड म्हणजे वायर जिथे खोचतात तो भाग. त्यावर तीन दिवे होते. तिसरा दिवा, 'दोन्ही बाजूंनी एकदम बोलणं चालू आहे' असं सांगणारा, नवव्या भोकात लागायचा आणि पहिल्या भोकात विझायचा. आणि स्विचवर पहिल्या भोकाच्या डोक्यावरचा तसलाच दिवा मात्र लखलखीत. एकाच वायरीच्या एका टोकाला दिवा आहे, दुसऱ्या टोकाला नाही. मी तसाच फरशीवर पडून शिव्या घातल्या. बाईंनी ऐकल्या आणि म्हणाल्या, वायर परत पहिल्याच भोकात ठेवा, दोष त्यांना जागेवर दाखवू.

प्रकार असा. एकाच्या हातात टेलिफोन आहे आणि दुसऱ्याच्या हातात पोलिसांची वॉकीटॉकी. टेलिफोनवाला बोलता बोलता ऐकतो, ऐकता ऐकता बोलतो. वॉकीटॉकीवाल्याची शिस्त वेगळी, एका वेळी एकानेच बोलायचं. तो बोलायला लागतो आणि मध्येच समोरचा बोलतो. याला वाटतं टक्कर झाली, म्हणून हा अर्ध्यावर थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. टेलिफोनवाल्याला मिळतात नुसते तुटके शब्द. ते तो 'चुका' म्हणून मोजत बसतो आणि त्याचा पडदा बघणारा म्हणतो, वायर खराब. लहान हाक मध्येच कापली जात नाही, म्हणून हाका ठीक. बोलण्या-ऐकण्याच्या या रीतीला आमच्यात डुप्लेक्स म्हणतात, तेव्हा याला डुप्लेक्सची फारकत म्हणायला हरकत नाही.

आता अशी जोडी जमली कशी? कार्ड आणि स्विच एकमेकांना विचारून ठरवतात, आपण कसं बोलायचं. पण कारखानिसांनी पहिलं भोक हाताने ठोकून ठेवलं होतं, कायम टेलिफोन. आणि एकदा असं ठोकलं की ते भोक विचारणाऱ्याला उत्तरच देत नाही. बिचारं कार्ड विचारायचं, उत्तर यायचं नाही. अशा वेळी त्याचा नियम असा, की सावध राहावं आणि एका वेळी एकानेच बोलावं. ठोकायचं तर दोन्हीकडे ठोकायला हवं होतं. कारखानिसांनी स्विचकडे ठोकलं आणि सर्व्हरकडे विसरले, कारण बस चारची होती.

हे एकदा कळल्यावर मी शहरभर असले दिवे शोधत फिरलो. इंदिरानगरात एक सोनोग्राफीवाले डॉक्टर होते. त्यांच्या मशीनमधलं चित्र केबिनमध्ये पोचायला पेशंट घरी जाईपर्यंतचा वेळ लागायचा. त्यांनी वास्तुवाल्याला बोलावून स्विच नैर्ऋत्येकडून ईशान्येला हलवला होता. हलवताना वायरी भलत्या भोकांत गेल्या आणि दोष आपोआप गेला! मी दिवे दाखवून समजावलं तर म्हणाले, "तुमचं शास्त्र असेल, पण गुण ईशान्येचा आला." वास्तुवाल्याचा फोटो अजून रिसेप्शनवर असेल.

इकडे बँकेत त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी पुण्याला फोन करून सगळं सांगितलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"आमच्या स्विचला तुम्ही हात लावलातच कसा?" कारखानीस.

"दोन बोटं लावली. धुऊन लावली."

"हे बघा, आपोआप ठरवायला सोडणं भरवशाचं नसतं. आमच्याकडे ठोकूनच देतात."

"मग दोन्हीकडे ठोका ना. एका पायात बूट घालून बघा बरं, कसं चालता."

फोन बंद. दोन दिवसांनी कारखानीस आले, सगळ्यांसमोर लॅपटॉप जोडला, पाठ फिरवून काहीतरी टंकलं. मी सर्व्हरच्या मागे उभा होतो. कार्डाचा तिसरा दिवा माझ्या डोळ्यांसमोर लागला. बँक धावायला लागली. कारखानिसांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. हे कसब मात्र मानलं.

आणि आता माझा भाग. खैरनार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखानीस शेजारी बसलेले. समोर अहवाल, इंग्रजीत. साहेब म्हणाले, "वसंतराव, स्विच मी निवडला. संचालक मंडळात मला प्रश्न नकोत. केबल बदलल्यावर दोष गेला, एवढंच लिहिलंय. खोटं काय आहे त्यात? तुम्ही केबल बदललीत. दोष गेला."

"मधे जे झालं ते?"

"ते सोडा. बाराही शाखांची वायरिंग करायची आहे. दुसऱ्याला कशाला बोलवू?"

मी भाव केला. बारा शाखा आणि वर देखभालही. साहेब कबूल झाले. मी पहिली ओळ वाचली, तिच्यात माझ्याबद्दल जे होतं ते तपासलं आणि सही केली. दुसरी ओळ वाचली नाही. सौदा करणारा माणूस आपल्यापुरतं वाचतो, हा आमच्या जातीचा रोग आहे. सौदा करणाऱ्यांच्या जातीचा म्हणतोय.

दुसरी ओळ होती, 'निकृष्ट केबल संगणक विभागप्रमुखांनी तपासणी न करता स्वीकारली.'

गायधनी बाईंनी! ज्यांनी पंधरा मीटरसाठी मला पेटी परत न्यायला लावली होती!

महिनाभरात मी शाखांची कामं सुरू केली. तिसरी शाखा घोटीची. आत शिरलो तर काउंटरवर बाई. विभागप्रमुख नाही, लिपिक. समोर एक भातगिरणीवाले शेठ वैतागून उभे. "बाई, लय हळू हाय तुमचं काम. तवर माझा भात झोडून व्हईल."

"होईल की," बाई म्हणाल्या. "झोडायला सुरुवात करा, तोपर्यंत मी आले."

शेठ हसत बाकावर बसले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हातातलं शिक्क्याचं पॅड बाजूला ठेवली.

"या. पेटी बंद आहे ना?"

मला हसावं की काय ते कळेना. म्हणालो, "बाई, तुम्ही इथे कशा?"

"पंचवटीहून सकाळची सहाची गाडी. तुम्हाला माहीत नाही? सही तुमचीच आहे ना, वसंतराव?"

"मी दुसरी ओळ वाचली नाही हो."

"एकच पान होतं."

मी आवाज चढवून जिंकणारा माणूस. तिथे आवाज कुणावर चढवणार? बाईच पुढे म्हणाल्या, "सासूबाई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, तुझ्या हातून न बघता माल घेतला गेला, हे मी मेले तरी मानणार नाही. घरात मला एवढं प्रशस्तिपत्र पहिल्यांदाच मिळालं. आता एक करा. जे झालं ते लिहून द्या. दिवा, भोक, सगळं. मला मुख्य कचेरीची खुर्ची नको, पण तो कागद माझ्या नावावर राहायला नको."

मी त्याच आठवड्यात लिहून दिलं. दोन पानं, मराठीत, आकृतीसकट. वायर चांगली होती, बाईंनी प्रत्येक इंच तपासून घेतली होती, दोष स्विचच्या पहिल्या भोकाच्या सेटिंगमध्ये होता, माझी आधीची सही मी मागे घेतो. खैरनार साहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "फाइल बंद झालीय." मी म्हणालो, उघडा. ते म्हणाले, "मग तुमच्या शाखाही बंद." बंद तर बंद. मी तेव्हा जे बोललो ते संपादक छापणार नाहीत. उरलेल्या नऊ शाखांचं काम दुसऱ्याने केलं. एका शाखेत निळ्या तारेच्या जागी हिरवी होती, मी स्वतः जाऊन बघितली.

पत्राची एक प्रत कारखानिसांच्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली. उत्तर नाही. बाईंना वरच्या जागेसाठी दोनदा मुलाखतीला बोलावलं आणि दोन्ही वेळा तो अहवाल टेबलावर होता. माझं पत्र त्या फाइलमध्ये कुणी लावलंच नव्हतं. बाई लिपिक म्हणून निवृत्त झाल्या, घोटीतूनच. खैरनार साहेब वारले. त्यांच्याशी माझं भांडण मी स्मशानात सोडून आलो.

कारखानीस मात्र खुशाल आहेत. कंपनीत बरेच वर चढले. मध्यंतरी नाशिकच्या एका कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं, विषय 'भरवशाची नेटवर्क'. मी शेवटच्या रांगेत बसलो. प्रश्नोत्तरात उभा राहिलो आणि विचारलं, "एका टोकाला दिवा आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर दोष कुणाचा?"

त्यांनी मला ओळखलं. पाणी प्यायले आणि मुलांना म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. आपण नंतर बोलू." नंतर ते मागच्या दाराने गेले.

कारखानीस साहेब, चूक कुणाचीही होते. घाईत एक बाजू राहून गेली, मी समजू शकतो. माझ्याही हातून असं काहीबाही राहिलंय. पण ज्या दिवशी तुम्ही पाठ फिरवून ते भोक मोकळं केलंत, त्या दिवशी दोष कुठे होता हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. त्यानंतर एका तासाने तुम्ही अहवाल लिहिलात. स्विच वाचवायला पहिली ओळ पुरेशी होती. तिच्यात तुमची लाज झाकली जात होती, माझा सौदा होत होता, साहेबांची खुर्ची टिकत होती. मग दुसरी ओळ कशाला लिहिलीत? खैरनारांनी सांगितली की तुमच्या डोक्यातून आली? माझी सही खोटी होती, हे मी तेव्हा लिहून दिलं आणि आज छापून देतो. त्याच पानावर माझ्या वर तुमची सही आहे. गायधनी बाई पंचवटीतच राहतात आणि दुपारी चारनंतर घरी असतात. जा, त्यांच्यासमोर बसा आणि ती ओळ का लिहिलीत ते सांगा.